सुगंधी महादेव आणि काष्ठगंधाचा स्वभाव

महाशिवरात्रीच्या पूजेत अभिषेकाचे आणि बिल्वपत्राचे माहात्म्य सर्वश्रुत आहे. परंतु गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य या पंचोपचारांत पहिला उपचार गंधाचा आणि तिसरा धूपाचा आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सहाणेवर उगाळलेले चंदन हे पृथ्वीतत्त्वाचे प्रतीक आणि धुपाटण्यातून वर जाणारा धूर हे वायुतत्त्वाचे प्रतीक मानिले गेले. न्यायशास्त्राने तर गंध हा पृथ्वीचाच विशेष गुण ठरविला, आणि भगवंतांनी गीतेच्या सातव्या अध्यायात पृथ्वीतील पवित्र गंध ती आपलीच विभूती असल्याचे सांगितले. तेव्हा सुगंध हा आपल्या धर्मविचारात केवळ चैनीचा विषय कधीच नव्हता.

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते, तेथे मार्कंडा या क्षेत्री आज हजारो भाविक दर्शनाला लोटतील. ज्या मार्कंडेय ऋषींच्या नावाने हे क्षेत्र ओळखले जाते, त्यांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. सोळा वर्षांचेच आयुष्य घेऊन आलेला तो मुलगा यमपाश पडताना शिवलिंगाला मिठी मारून बसला आणि मृत्युंजय झाला. परंपरेने त्याच्याशी जोडलेल्या मृत्युंजय मंत्रात, म्हणजे ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील त्या प्रसिद्ध ऋचेत, त्र्यंबकाला एक विशेषण दिले आहे: सुगंधी. अंगाला चिताभस्म फासणारा, गजचर्म पांघरणारा, स्मशानात आणि अरण्यात रमणारा देव, आणि त्याला सुगंधी म्हणायचे! सायणाचार्यांनी या शब्दाचा अर्थ ज्याची पुण्यकीर्ती सर्वत्र पसरली आहे तो, असा केला. नारायणोपनिषदातही बहरलेल्या वृक्षाचा गंध जसा दूरवरून येतो, तसा पुण्यकर्माचाही गंध दूरवरून येतो, अशा आशयाचा विचार आहे. सुगंध आणि स्वभाव यांचे नाते आपल्याकडे इतके जुने आहे.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे की, अलीकडे कीर्तनानंतर भेटणाऱ्या तरुण मंडळींकडून एक प्रश्न वारंवार कानी येतो. बाजारात ज्या सुगंधी कुप्या मिळतात, त्यांवर त्या कोणत्या व्यक्तिमत्त्वाला शोभतील हेही सांगितलेले असते. फुलांचा वास कोमल मनाच्या व्यक्तीला, लिंबासंत्र्याचा उत्साही व्यक्तीला. आणि चंदन, अगरू, देवदार यांच्या लाकडाचा गंध लवंग, दालचिनी, जायफळ यांच्या तिखटपणात मिसळला की, तो म्हणे करारी, गूढ आणि आत्मविश्वासाने वावरणाऱ्या पुरुषाला. देवळात येताना असे अत्तर लावावे काय, आणि आपला स्वभाव तसा नसेल तर ते लावून तसा होईल काय, असे हे प्रश्न आहेत. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. माझे मत प्रथमच सांगून टाकतो: काष्ठगंध हा खरोखरच एका विशिष्ट स्वभावाला शोभतो, पण तो स्वभाव जाहिरातीतील नव्हे.

शास्त्राने अत्तर निषिद्ध मानले नाही

सुगंधाची आवड म्हणजे विलास आणि विलास म्हणजे अधःपात, असे समीकरण काही सज्जन मांडतात. आपल्या ग्रंथकारांची दृष्टी इतकी संकुचित नव्हती. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत ग्रहगती, पर्जन्य आणि वास्तू यांच्याबरोबर ‘गंधयुक्ती’ हा स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात त्याने सोळा सुगंधी द्रव्ये घेतली आणि त्यांतील चार-चार द्रव्ये निरनिराळ्या प्रमाणांत मिसळली असता किती प्रकारचे गंध सिद्ध होतील याचे गणित मांडले. ती संख्या १,७४,७२० इतकी येते! सोळांतून चार द्रव्ये निवडण्याचे १,८२० प्रकार आणि प्रत्येक प्रकारात प्रमाणांचे ९६ भेद, असा तो हिशेब आहे.

त्या सोळा द्रव्यांची नावे आमच्या माताभगिनींनी ऐकली तर त्यांना कौतुक वाटेल. त्यांत चंदन, अगरू, कापूर, वाळा आणि तगर तर आहेतच. पण धने, दगडफूल आणि नागकेशरही आहेत. म्हणजे काळ्या मसाल्यासाठी आपण जे तेलावर परतून कुटतो, तेच वराहमिहिर अत्तरासाठी घेत होता. चैत्रात देवाला वाहिला जाणारा दवणा त्यात आहे आणि आपल्या नदीनाल्यांच्या काठी, ओलसर चिखलात उगवणारा मोथाही आहे. लाकूड आणि मसाला यांचा मेळ ही आज कोणी परदेशातून आणलेली नवलाई नव्हे. मसाल्याचा डबा आणि देवघरातील सहाण यांच्यामध्ये तो चौदाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेला होता.

मराठी भाषेलाही या विद्येचा वारसा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ च्या सुमारास एका हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यात गंगाधर नामक ग्रंथकाराचा ‘गंधसार’ आणि त्याबरोबर ‘गंधवाद’ असे दोन ग्रंथ आहेत. यांपैकी ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका आहे. गोड्यांनी तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यानचा ठरविला. पुढे १९८९ मध्ये हे दोन्ही ग्रंथ बडोद्याहून छापून प्रसिद्ध झाले. ज्या शतकांत मराठीत संतवाङ्मय बहरत होते, त्याच शतकांत कोणी मराठी मनुष्य अत्तर कसे करावे हे आपल्या भाषेत समजावून देत बसला होता. भक्ती आणि सुगंध यांत विरोध आहे असे त्या काळच्या समाजाला वाटले नसावे.

देवतेच्या स्वभावाप्रमाणे गंध

स्वभावाप्रमाणे सुगंध ही कल्पनाही आपल्याकडे आहेच. मात्र ती प्रथम देवतेच्या संदर्भात आली. ज्याला आपण सरसकट अष्टगंध म्हणतो, ते शास्त्रात एक नसून तीन आहेत. शारदातिलक या तंत्रग्रंथात शाक्त, शैव आणि वैष्णव अशी तीन गंधाष्टके दिली आहेत. देवीच्या गंधात गोरोचन येते, विष्णूच्या गंधात थंडावा देणारा वाळा येतो, महादेवाच्या गंधाची घडण आणखी निराळी. परंतु तिन्हींत जी द्रव्ये समान आहेत, ती लक्षात घेण्यासारखी आहेत: चंदन, अगरू आणि केशर. दोन काष्ठे आणि एक उष्ण, तिखटसर सुवासाचे पुष्पकेसर. देवता कोणतीही असो, तिच्या गंधाचा पाया लाकडाचा आहे आणि वर मसाल्याची ऊब आहे.

असे का असावे? याचे उत्तर अत्तराच्या जाणकारांना अनुभवाने ठाऊक असते. अत्तराचा फाया कानात ठेवला की प्रथम फळाफुलांचा वास दरवळतो आणि तोच प्रथम उडून जातो. मसाल्याचा वास त्यामागून येतो आणि काही वेळ टिकतो. लाकूड, मूळ आणि डिंक यांचा वास मात्र सर्वांत शेवटी उमगतो, आणि वस्त्राला दुसऱ्या दिवशीही येतो तो याच गंधाचा. ज्याला प्रथम भेटीत छाप पाडावयाची आहे, त्याने फुलांकडे जावे. सहवासाच्या दहाव्या वर्षी ज्याची किंमत कळते, अशा मनुष्याचा गंध लाकडाचा.

हा गंध येतो कोठून?

आता हा गंध वृक्षात उत्पन्न कसा होतो ते पाहू. चंदनाच्या कोवळ्या झाडाला सुगंध नसतो. वर्षानुवर्षे गेल्यावर खोडाच्या गाभ्यात तो हळूहळू साठत जातो, आणि बाहेरचे पांढरे लाकूड शेवटपर्यंत निर्गंधच राहते. चंदनाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांतून पोषण घेतात, म्हणजे तो एकटा वाढूही शकत नाही. आसामकडील अगरूची कथा तर याहून विलक्षण आहे. निरोगी अगरूचे लाकूड फिकट आणि वासहीन असते. झाडाला जखम होते, तीत बुरशी शिरते, आणि त्या व्याधीशी झुंजताना झाड जो राळेसारखा द्रव निर्माण करते, त्यानेच ते लाकूड काळे, जड आणि सुगंधी होते. जिला आपण अगरबत्ती म्हणतो, तिचे नावच मुळी या जखमी लाकडावरून पडले आहे. मग आजच्या काडीत अगरूचा लवलेश नसला तरी.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात अगरू नाही, पण सालई आहे. खडकाळ, कोरड्या टेकडीवर, जेथे दुसरे झाड तग धरण्यास कचरते, तेथे ती उभी असते. उन्हाळ्यात तिच्या अंगावर पान राहत नाही. संस्कृतात हिचे नाव शल्लकी. हत्तींना प्रिय म्हणून गजभक्ष्या. हिची साल तासली की जो डिंक पाझरतो, तो कुंदुरू. निखाऱ्यावर तो टाकला की जो धूर उठतो त्यात लिंबाचा किंचित आंबूसपणा, मिऱ्याचा तिखटपणा आणि ओल्या लाकडाचे गांभीर्य एकवटलेले असते. नागरमोथ्याची गोष्टही अशीच. वर पाहावे तर लव्हाळ्याच्या कुळातील क्षुल्लक गवत, आणि चिखलाखाली काळसर गाठी. रानडुकरे डबक्यांतला मोथा उकरतात हे कालिदासानेही टिपले आहे. त्या गाठी धुऊन, वाळवून, कुटून जे तेल निघते, ते आज जगभरच्या अत्तरांत काष्ठगंधासाठी वापरले जाते.

वाचकहो, आता सांगा, हा गंध कोणत्या स्वभावाला शोभेल? ज्याने काळ सोसला आहे, ज्याची जखम कडवटपणात न मुरता सुगंधात मुरली आहे, जो खडकावर उभा राहून मिळेल तेवढ्यावर जगला आहे, आणि ज्याचे मोल उकरून, कुटून, तापवून पाहिल्याखेरीज कळत नाही, त्यालाच. मसाल्याचा तिखटपणाही याच अर्थाने घ्यावा. तो रागीटपणा नव्हे. योग्य वेळी स्पष्ट बोलण्याची धमक, अन्यायापुढे न मिळमिळणारी जीभ, म्हणजे तो तिखटपणा.

असा स्वभाव पुरुषांचाच असतो, हे जाहिरातीचे म्हणणे तर मला मुळीच मान्य नाही. पहाटे उठून सडा घालणारी, मुलांच्या शिक्षणासाठी आपले दागिने मोडूनही त्याचा उच्चार न करणारी आजी डोळ्यांसमोर आणा. भर उन्हात तेंदूची पाने खुडून आणणारी, सायंकाळी त्यांचे पुडे बांधणारी वनवासी माउली आठवा. कुपी हाती न घेताही या स्त्रियांच्या ठायी तो गंध आहे. तो वयावरही अवलंबून नाही. सोळा वर्षांच्या मार्कंडेयाची मिठी सैल झाली नाही, हा स्थैर्याचाच महिमा. म्हणून तरुणांनी काष्ठगंधाचे अत्तर अवश्य लावावे. पण ते लावताना, या गंधाला साजेल असे मी आज काय सोसले, काय राखले, हे मनाशी विचारावे. कुपी स्वभाव देत नाही, स्वभावाची आठवण मात्र देऊ शकते. कपाळीचे गंध तरी दुसरे काय करते?

पवित्र गंधाचे मोल

येथवरचा विचार व्यक्तीचा झाला. आमच्या वनप्रदेशात राहणाऱ्या भाविकांवर मात्र याहून मोठी जबाबदारी आहे, आणि आजच्या पर्वणीला ती स्पष्ट बोलणे मी कर्तव्य समजतो.

आपल्या अरण्याने देवाच्या दारी थोडे दिलेले नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या द्वारांसाठी चंद्रपूर-बल्लारपूर येथून सागवान गेले. २९ मार्च २०२३ रोजी मोठ्या समारंभाने त्याचे काष्ठपूजन झाले, तेव्हा या मातीतील प्रत्येकाचे मन भरून आले. त्या काष्ठाचे पूजन झाले, हे उचितच झाले. पण रोज सायंकाळी आपल्या देवघरात जे काष्ठ, जो डिंक, जी काडी जळते, तिची विचारपूस कोण करतो?

सालईचा डिंक काढण्याची एक रीत असते. साल बेताने तासावी, घाव खोल घालू नये, झाडाला मधून विसावा द्यावा. अधिक डिंकाच्या लोभाने खोलवर आणि पुनःपुन्हा घाव घातले तर झाड खंगते आणि मरते. अगरबत्तीचा लगदा चिकटावा म्हणून ज्या मैदालकडीच्या सालीची पूड वापरतात, ते झाड अशाच ओरबाडण्याने मध्य भारताच्या अनेक वनांतून दुर्मिळ झाले. ज्या धूपासाठी एक वृक्ष कायमचा गेला, तो धूप शिवाला प्रिय होईल काय? गीतेत भगवंतांनी गंधाला पवित्र हे विशेषण लाविले, ते व्यर्थ नव्हे. गंध पवित्र असतो तसा अपवित्रही असू शकतो, आणि ते केवळ नाकाला कळत नाही.

दुसरी गोष्ट राबणाऱ्या हातांची. अगरबत्तीची काडी बांबूची असते. बांबूने समृद्ध अशा या देशात काही वर्षांपूर्वीपर्यंत बहुतांश काड्या चीन आणि व्हिएतनाम येथून येत होत्या! ऑगस्ट २०१९ मध्ये अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि जून २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरील आयात कर दहा टक्क्यांवरून पंचवीस टक्के झाला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि या दोन्ही जिल्ह्यांत गावोगावच्या स्त्रियांनी अगरबत्ती वळण्याचे काम हाती घेतलेले आपण पाहिले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने तर देशाला वस्तुपाठ दिला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही मिळाला. जो वन राखतो त्यालाच वनाचे मोल मिळावे, या न्यायाची ती सुरुवात होती. आपण देवापुढे जी काडी लावतो, तिच्यामागे अशा एखाद्या गावाचा घाम आणि त्याचे योग्य दाम असेल, तर तो धूर वर जाताना आशीर्वाद घेऊन जाईल.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते की, बांबू जाळू नये असे म्हणतात, मग अगरबत्ती लावावी की नाही? संस्कृतात वंश या शब्दाचे बांबू आणि कुळ असे दोन्ही अर्थ आहेत. त्या शब्दसाम्यातून हा संकेत लोकमनात दृढ झाला असावा. ज्यांच्या घरी हा कुळाचार आहे त्यांनी तो अवश्य पाळावा आणि काडीविरहित धूप लावावा. ज्यांच्या घरी तो नाही त्यांच्यावर दोष ठेवू नये. आणि काडी वळणाऱ्या भगिनीच्या श्रमाला तर कोणीच उणे लेखू नये.

आजच्या दिवशी काय करावे

प्रत्यक्ष आचाराविषयी चार शब्द सांगून हा विषय आवरतो. पूजेसाठी शक्य तर सहाणेवर स्वतः चंदन उगाळावे. खोड लहान असले तरी चालेल. उगाळण्याचे श्रम हाच त्यातील निम्मा उपचार आहे. चंदन म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पिवळ्या भुकटीत चंदन किती आणि रंग किती, हे दुकानदाराला विचारण्याचा संकोच करू नये. धूप थोडा असावा, खरा असावा, आणि घराची खिडकी उघडी असावी. बंद खोलीत दाट धूर करून लहान मुलांना आणि दम्याच्या रुग्णांना गुदमरविणे ही भक्ती नव्हे. सालईचा डिंक मिळाला तर गोवरीच्या निखाऱ्यावर चिमूटभरच टाकावा. तेवढ्याने घर भरते. देवळात जाताना अत्तर लावावयाचे तर इतकेच लावावे की, शेजारी बसलेल्याचे लक्ष देवाकडून आपल्याकडे वळू नये. देवळात सुगंधी हे विशेषण एकालाच शोभते.

आज रात्री जागरणात मृत्युंजय मंत्राचा जप होईल. पिकलेले फळ जसे देठापासून अलगद सुटते तसे मृत्यूपासून सुटावे, अशी त्यात प्रार्थना आहे. फळ पिकते तेव्हाच ते गंधाने दरवळू लागते, आणि तेव्हाच देठ सोडते. आपलेही पिकणे असेच व्हावे, या अरण्यातील सालई पुढच्या पिढीच्या शिवरात्रीलाही उभी असावी, आणि तिचा डिंक वेचणाऱ्या हातांना पोटभर अन्न मिळावे, हीच त्या सुगंधी महादेवाच्या चरणी प्रार्थना. हर हर महादेव!